कुंचीचा अर्धा रत्तल

तिसगावच्या शाळेच्या पडवीत ताणकाटा टांगून दमयंती सकाळी आठपासून बसली होती. अकरा वाजून गेले तरी एकही पोर काट्याच्या झोळीत बसायला आलं नव्हतं.

बाया आल्या होत्या. पण त्या पटांगणाच्या कडेला लिंबाखाली घोळक्याने उभ्या होत्या आणि कडेवरची पोरं पदराआड धरून काट्याकडे बघत होत्या. शाळेचे राधाकृष्ण गुरुजी दोनदा जाऊन हात जोडून आले. बाया त्यांच्याशी गोड बोलल्या आणि जागच्या हलल्या नाहीत.

सन सेहेचाळीसचा चैत्र होता. मागच्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती आणि गावातले निम्मे गडी दुष्काळी कामावर खडी फोडत होते. सरकारने आहाराची पाहणी काढली होती. पाच वर्षांच्या आतल्या पोरांची वजनं घ्यायची, वयाच्या मानाने जी ठरलेल्या रेषेच्या खाली भरतील त्यांची यादी करायची, आणि त्या यादीला तीन महिने रोज एक पेला भुकटीचं दूध पाजायचं. तिसगावच्या वाट्याला चाळीस नावं आली होती. तीन वर्षांच्या पोराची रेषा बावीस रत्तलांवर, म्हणजे अकराएक शेरांवर होती. पण ही रेषा गावात कोणालाही सांगू नये, असं नगरच्या कचेरीतून लेखी बजावलं होतं. दुसऱ्या एका तालुक्यात ती फुटली, तेव्हा आयांनी वजनाच्या आधी दोन-दोन दिवस पोरांना उपाशी ठेवलं होतं. एक पोर त्यातून उठलं नाही.

म्हणून दमयंती एवढंच सांगत होती, की वजन केलं तर दूध मिळण्याची सोय होईल. कुणाला मिळेल, कसं मिळेल, हे विचारलं की ती गप्प बसायची. गप्प बसणारी सरकारी बाई कुणाला खरी वाटणार?

"जित्या पोराला काट्याला लावत न्हाईत, बाई," आक्काबाई लिंबाखालूनच म्हणाली. म्हातारी सगळ्यांच्या पुढे उभी होती आणि बाकीच्या तिच्याकडे बघूनच हलायच्या किंवा थांबायच्या. "बाजारात बोकड तोलत्यात. पोर तोललं की दृष्ट लागती. मंग खंगतं."

"खंगलेलं आहे की नाही, तेच बघायचंय, आजी."

"ते डोळ्यांनी दिसतंया की. त्याला काटा कशाला?" आक्काबाईने दमयंतीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आन् ह्या बाईंना बघा. आमच्या वाटचं समदं सरकारनं ह्यांनाच चारलंया जनू."

बाया खदखदून हसल्या. गुरुजींनी मान खाली घातली. दुष्काळी गावात उपाशी पोरांचं वजन घ्यायला एकशेनव्वद रत्तलांची बाई आली होती, आणि यात हसण्यासारखं काय आहे हे दमयंतीला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आपलं वजन तिला नेमकं ठाऊक होतं. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ती ते लिहून ठेवायची.

अशा वेळी ती नेहमी खाली बघून कागद चाळायची. त्या दिवशी मात्र उठली आणि पटांगण ओलांडून लिंबाखाली गेली.

"मलाही काट्याला लावलं होतं," ती म्हणाली. "अकरा वर्षांची होते. गुळानं तोललं होतं मला."

बाया तिच्याकडे वळल्या.

मग तिने ती गोष्ट सांगितली. वडील दत्तोपंत संगमनेरला कचेरीत कारकून होते. ती दोन वर्षांची असताना तिला मुदतीचा ताप आला आणि आईने ग्रामदेवीला नवस केला, की पोर वाचली तर तिच्या भारंभार गूळ देईन. पोर वाचली. नवस मात्र आज फेडू, उद्या फेडू करत नऊ वर्षं राहून गेला, आणि तेवढ्यात पोर वाढली ती नुसती वयाने नाही. तुळेच्या दिवशी गुळाच्या अडतीवरून मोठी तागडी आणली, ती देवळाच्या मंडपात टांगली. दत्तोपंतांनी अंदाजाने चाळीस शेर गूळ आणला होता. एका पारड्यात दमयंती बसली आणि दुसऱ्यात एकेक ढेप चढू लागली. सगळा गूळ संपला तरी तिचं पारडं जमिनीला टेकलेलंच.

"मग हो?" एकजण पुढे सरकली.

"मग काय! माणूस बाजारात पळवला, आणखी गूळ आणायला. तो येईपर्यंत मी पारड्यातच. उतरायचं नाही, नवस मोडतो म्हणाले. अर्धा तास बसले होते. अख्खं संगमनेर बघून गेलं. शेवटी चोपन्न शेरांवर पारडं उचललं. त्या दिवसापासून शाळेत माझं नाव गुळाची ढेप."

बाया पुन्हा हसल्या. पण या खेपेचं हसणं निराळं होतं. एकीने तर दमयंतीच्या दंडावर हात ठेवला.

"आन् एवढ्या गुळाचं काय केलं वो?" आक्काबाईने विचारलं.

"वाटला. सगळ्या गावाला."

"म्हंजी जेवढं वजन, तेवढा गूळ?"

"जेवढं वजन, तेवढा गूळ," दमयंती हसत म्हणाली. "आणि बघा, एवढं तोलूनसुद्धा मी काही खंगले नाही."

आक्काबाईने बोटं कानशिलावर मोडली. "न्या गं पोरं काट्याला," ती बायांना म्हणाली. "बाई आपल्यातलीच हाय."

जे दमयंतीने सांगितलं नाही ते असं, की तुळेच्या आधीचे दोन दिवस तिने पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं. पानात वाढलेलं हळूच गाईला घालायची. पारड्यात बसण्याआधी तिने बांगड्या काढल्या, पैंजण काढले, वेणीतलं फूलसुद्धा काढलं. तरी चोपन्न शेर. त्यानंतरची पंधरा वर्षं ती याच एका कामात होती. अर्धी भाकरी, पाव भाकरी, चातुर्मासात एकवेळ. दाखवायला नेलं की मुलाकडच्यांचे डोळे आधी तिच्यावर आणि मग लाडवांच्या ताटाकडे वळत, जणू तिथला हिशेब तिथेच लागला. शेवटी मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला एक वही दिली आणि म्हणाल्या, औषध नाही माझ्याकडे, पण तू काय खातेस ते तरी लिही. तिने लिहिलं. वजन तसूभर कमी झालं नाही. पण डॉक्टरीणबाईंनी ती वही वाचली आणि चष्मा काढून म्हणाल्या, "तू खोटं लिहीत नाहीस. एवढं कमी खाऊन तू अशी आहेस." दमयंतीवर विश्वास ठेवणारं ते पहिलं माणूस. पुढे ती दवाखान्यातल्या रोग्यांच्या वह्या लिहू लागली, मग पुण्याला जाऊन सहा महिन्यांचं आहाराचं शिक्षण घेतलं, आणि चुलीपाशी बसून न लाजता विचारणाऱ्या बाया सरकारला हव्या झाल्या तेव्हा नोकरीला लागली.

एक गोष्ट मात्र तिच्या मनात पक्की झाली होती. माणसांचे डोळे खोटं बोलतात. काटा बोलत नाही.

त्या दिवशी दुपारपर्यंत एकतीस पोरं झोळीत बसली. आक्काबाईची सून मनकर्णा घोळक्यात मागे उभी होती. तिच्या कडेवर तीन वर्षांची केशर होती. दमयंतीने तिला लगेच ओळखलं. दोन दिवसांपूर्वी घरोघरी पाहणी करताना ती त्यांच्या चुलीपाशी बसली होती. वहीत नोंद होती: सकाळी हुलग्याचं माडगं, दुपारी काही नाही, संध्याकाळी बाजरीची भाकरी, तिघांत दीड. मनकर्णाचा नवरा खडीच्या कामावर होता. केशरचे केस ताम्रवट, विरळ झाले होते, हात कडब्याच्या काडीसारखे. ती रडत नव्हती, खेळतही नव्हती, नुसती बघत होती. यादीत पहिलं नाव हिचं, असं दमयंतीने तेव्हाच मनाशी ठरवून टाकलं होतं.

"आज आनू का उद्या आनली तर चालंल?" मनकर्णाने विचारलं.

"उद्या आण. पण नक्की."

"व्हय, नक्की."

दुसऱ्या दिवशी वारा सुटला होता. पडवीत धूळ येत होती आणि झोळी हेलकावत होती. नियमाप्रमाणे पोरांचे कपडे काढून वजन घ्यायचं होतं, पण बाया कुंची काढू देईनात. कुंचीला दृष्टीचा काळा मणी होता, आणि वाऱ्याचं पोर उघडं कोण करील! दमयंतीने मधला मार्ग काढला. कुंचीसकट तोलायचं आणि कुंचीचा अर्धा रत्तल वजा करायचा. तसं तिने वहीत टीप म्हणून लिहूनही ठेवलं.

मनकर्णाने केशरला आणलं. अंगावर लाल खणाची जुनी कुंची, पार पायांपर्यंत आलेली. झोळीत बसवताना पोर जड लागली. काटा साडेतेवीसवर थांबला. दमयंतीने तो हाताने थांबवला, सोडला, पुन्हा पाहिलं. साडेतेवीस. वजा अर्धा, तेवीस. रेषेच्या वर, एका रत्तलाने.

ती केशरच्या तोंडाकडे बघत राहिली. तिचे डोळे एक सांगत होते, काटा दुसरं सांगत होता. मागे रांग होती, पोरं रडत होती, वारा थांबत नव्हता.

"किती भरली, बाई?" मनकर्णाच्या तोंडावर हसू मावत नव्हतं.

"चांगली भरली. तेवीस," दमयंती म्हणाली आणि आकडा लिहिला.

यादी त्याच आठवड्यात नगरला गेली आणि मंजूर होऊन आली. भुकटीचे डबे बैलगाडीने आले. भुकटी उकळत्या पाण्यात कशी घोटायची हे दाखवायला दमयंती आठ दिवस थांबणार होती. पहिल्या सकाळी गुरुजींनी पडवीत उभं राहून चाळीस नावं वाचली. पोरांनी ओळीत बसून पेले तोंडाला लावले. ओळ संपली तरी मनकर्णा पायरीशी उभीच होती. एका हाताला केशर, दुसऱ्या हातात पितळेची चरवी.

"बाई, माझं ऱ्हायलं."

"तुझं नाव नाही, मनकर्णा."

"असं कसं?" ती आधी हसली. "माझी तर समद्यांत लई भरली हुती. तुमीच म्हनला चांगली भरली. ती सोनारणीची सतराच भरली, तिला दूध आन् माझ्या तेवीसच्या पोरीला काय न्हाई?" तिने चरवी पुढे केली. "मी मुद्दाम मोठी आनली."

दमयंतीने केशरकडे पाहिलं. "मनकर्णा, तू काय केलंस त्या दिवशी?"

मनकर्णा गोंधळली. "तुमीच न्हाई का सांगितलं? जेवढं वजन, तेवढं देत्यात. मंग मी कुंचीच्या घडीत गाडीच्या चाकाच्या दोन खिळी शिवल्या. रातच्याला उसन्या घुगऱ्या आनून चारल्या, सकाळी तांब्याभर पानी पाजलं. पोरीला दोन घोट जास्ती मिळतील म्हनून. चोरी न्हाई केली बाई. खिळी घरच्याच हाईत."

दमयंतीने तिथेच ताणकाटा टांगला. कुंची काढली. घडीतला लोखंडाचा टणक उंचवटा तिच्या बोटांना लागला. इतका सरळ, की आठ दिवसांपूर्वी नुसता हात फिरवला असता तरी कळला असता. उघडी केशर झोळीत बसली. काटा साडेएकोणिसावर आला.

सारं आयुष्य तिने काटा खाली आणण्यात घालवलं होतं. कुणी तो वर नेण्यासाठी धडपडेल, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

त्याच दिवशी तिने कचेरीला लिहिलं. काय घडलं, चूक कोणाची, सगळं लिहिलं. चूक माझी, असं सरळ लिहिलं. गुरुजी म्हणाले, "दमयंतीबाई, उत्तर येईल तेव्हा येईल. थोडं पाणी वाढवलं की एक्केचाळिसावा पेला निघतोय. कोण बघतंय?"

दुसऱ्या दिवशी केशर एक्केचाळिसावा पेला प्यायली. दोन्ही हातांनी धरून, शेवटचा थेंब जिभेने टिपून. तिसऱ्या दिवशी पायरीशी अकरा बाया उभ्या होत्या.

"तिला दिलं, आमच्यांना का न्हाई?"

"आक्काबाईची नात म्हनून व्हय?"

"आमीबी शिवतो की खिळी!"

ओरडा ऐकून पाटील आले. त्यांनी शांतपणे यादी मागून घेतली, वाचली आणि परत दिली. "कागदावर आहेत तेवढीच," ते म्हणाले. "न्हाईतर उद्या डबेच परत जातील." त्यात त्यांचं काही चुकत होतं असं दमयंतीला म्हणता येईना. आक्काबाई त्या दिवसानंतर शाळेकडे फिरकली नाही.

सातव्या दिवशी कचेरीचं उत्तर आलं. दोन ओळींचं होतं. यादी मंजूर झाली असल्याने फेरफार होणार नाही. फेरवजन आषाढात होईल, त्या वेळी विचार करावा.

दमयंती आठ दिवस स्वतःच्या पानातलं केशरसाठी पाठवत होती. आता तिला पुढच्या गावाला जायचं होतं. निघायच्या दिवशी मनकर्णा गाडीपाशी आली. रागावली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

"बाई, माझं चुकलं का?"

"तुझं नाही गं."

"मंग पुढच्या येळंला कसं करू? तेवढं सांगा."

दमयंतीने आजूबाजूला पाहिलं. गाडीवान बैल जुंपत होता, गुरुजी पेटी बांधत होते. कचेरीचं लेखी बजावणं पेटीतच होतं. समोर ही बाई उभी होती, जिने एकदा ऐकलेलं सगळं खरं मानून जमेल तेवढं केलं होतं.

"कुंची घालू नकोस," ती हळूच म्हणाली. "काही शिवू नकोस. पाणी पाजू नकोस. जी पोर हलकी भरते तिला दूध. जड भरली की नाही. कुणाला सांगू नकोस."

"हलकी," मनकर्णाने पाठ केल्यासारखं म्हटलं. "हलकी भरली पायजे."

आषाढात दमयंती परत आली तेव्हा शेतं हिरवी दिसू लागली होती. बाजरी अजून वीतभरच होती, कणसांना दोन महिने अवकाश होता. पण तिच्या पिशवीत कचेरीचा नवा कागद होता. पाऊस समाधानकारक झाल्याने टंचाई संपल्याचं त्यात म्हटलं होतं. दूध बंद. फेरवजन फक्त नोंदीसाठी घ्यावं.

हे तिने गुरुजींना सांगितलं. गुरुजींनी कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "बायांना कोण सांगणार?"

"मी सांगते. आधी वजनं होऊ देत."

रांगेत पहिली मनकर्णा होती. उजाडल्यापासून येऊन बसली होती, असं गुरुजी म्हणाले. केशर उघडीच होती, अंगाला नुसता एक फडका गुंडाळलेला. मनकर्णाने तोही काढला, गळ्यातला काळा दोरा काढला आणि पोरीला स्वतःच झोळीत ठेवलं. केशरची मान बाजूला कलली.

काटा पावणेअठरावर थांबला.

"बसलं का, बाई?" मनकर्णाने विचारलं. "हलकी हाय न्हवं?"

"हलकी आहे."

"हायेच. परवापासनं काय दिलं न्हाई तिला." ती खालच्या आवाजात, गुपित सांगावं तसं बोलत होती. "सासूबाई भांडल्या. पोर काल लई रडली, आज न्हाई रडली. पन न्हाई म्हंजी न्हाई. तुमी म्हनला हुता तसंच केलं. पानी तेवढं दिलं, थोडं."

दोन दिवस, नुसतं पाणी. दमयंतीला ते दोन दिवस ठाऊक होते. पहिल्या संध्याकाळी पोट दुखतं, दुसऱ्या सकाळी दुखायचं थांबतं. पण ती अकरा वर्षांची होती, चोपन्न शेरांची.

तिने केशरला झोळीतून उचलून मांडीवर घेतलं. हाताला वजन लागलंच नाही. पिशवीतून स्वतःचा डबा काढला, भाकरीचा तुकडा मोडला, दुधात नाही तर निदान पाण्यात कुस्करावा म्हणून वाटी ओढली. केशरचे डोळे तुकड्यावर आले आणि तिथेच राहिले. तोंड उघडलं.

मनकर्णाने चटकन दमयंतीचं मनगट धरलं.

"आत्ता नगा, बाई," ती काकुळतीने म्हणाली. "आधी नाव लिवा. खाल्लं तर भरंल."

मागे रांगेतल्या बाया माना उंच करून बघत होत्या. गुरुजींनी दुसरीकडे तोंड फिरवलं.

दमयंतीने एका हाताने वही उघडली आणि पहिल्या ओळीत केशरचं नाव लिहिलं. पुढे पावणेअठरा लिहिलं. मनकर्णाला वाचता येत नव्हतं, पण ती अक्षरं उमटताना एकाग्र होऊन बघत राहिली. टाक थांबला तेव्हाच तिने मनगट सोडलं.